साथरोग कायद्यातील न लिहिलेले पाचवे कलम

अवघ्या चार कलमांच्या एका कायद्याने आपल्या देशातील साथींवर सव्वाशे वर्षांहून अधिक काळ अंमल गाजविला आहे. मुंबईत प्लेगने थैमान मांडले, तेव्हा ४ फेब्रुवारी १८९७ रोजी इंग्रज सरकारने घाईघाईने साथरोग कायदा संमत केला. मार्च २०२० मध्ये कोरोनाची साथ दारात येऊन उभी राहिली, तेव्हा राज्याराज्यांतील शासनांनी म्यानातून जे हत्यार उपसले, तेही हेच. या कायद्याचा मूळ मसुदा एकदा शांतपणे वाचून पाहावा. वाचायला पाच मिनिटेही लागत नाहीत. शासनाला वाटेल ते तात्पुरते नियम करता येतील, प्रवाशांना अडविता व तपासता येईल, संशयितांना वेगळे ठेवता येईल, बंदरात आलेली जहाजे रोखता येतील, आज्ञाभंग करणाऱ्याला शिक्षा देता येईल, आणि सद्हेतूने काम केले म्हणणाऱ्या अधिकाऱ्यावर कोणालाही दावा लावता येणार नाही. अधिकार आहे, दंड आहे, संरक्षणही आहे. नाही ती एकच गोष्ट. हे अमर्याद अधिकार वापरण्यापूर्वी जाणत्यांचा सल्ला घ्यावा, तो कोणाकडून घ्यावा, कोणत्या रीतीने घ्यावा आणि ज्यांच्यावर तो लादला जाणार त्या जनतेला तो कधी दाखवावा, याविषयी या कायद्यात अवाक्षर नाही.

परकीय राज्यकर्त्यांनी असा कायदा केला, यात नवल नाही. त्यांना प्रजा हवी होती, नागरिक नको होते. नवल याचे वाटते की, २०२० मध्ये याच कायद्यात दुरुस्ती झाली, आरोग्यसेवकांवर हल्ले करणाऱ्यांना कठोर शिक्षेची योग्य तरतूद झाली, पण सल्ल्याचे ते न लिहिलेले पाचवे कलम तेव्हाही कोरेच राहिले. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे की, साथीच्या काळात शास्त्रीय सल्ला ही राज्यकर्त्याच्या मर्जीची बाब असता कामा नये. तो कायद्याने बांधलेला, लेखी दिलेला, देणाऱ्याच्या नावानिशी नोंदलेला आणि जनतेसमोर ठेवलेला असला पाहिजे. हे घडले नाही, तर पुढच्या साथीतही आपण तीच किंमत मोजू. ती किंमत काय असते, हे महाराष्ट्राला कोणी वेगळे सांगायला नको.

मांडवीपासून गणेशखिंडीपर्यंत

२३ सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात वैद्यकी करणारे गोमंतकीय डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी एका रुग्णाची लक्षणे पाहून हा गाठीचा प्लेग आहे, असे निदान केले.  रोज गल्लीबोळांतून हिंडणारे आणि रुग्णाच्या उशाशी बसणारे ते वैद्य होते. पण 'प्लेग' हा शब्द उच्चारणे प्रशासनाला परवडणारे नव्हते. तो उच्चारला की बंदर बंद, बंदर बंद म्हणजे व्यापार बंद! म्हणून प्रथम कुजबुज आणि मग टाळाटाळ असा नेहमीचा क्रम झाला. अखेर कबुली द्यावी लागली, तेव्हा उपाय कोणता योजला गेला? घाण हेच रोगाचे मूळ, ही विलायती समजूत घट्ट धरून शहराची गटारे कार्बोलिक आम्ल आणि समुद्राच्या पाण्याने धुण्यात आली. गटारांतील उंदीर जीव घेऊन पळाले आणि माणसांच्या घरांत शिरले. त्यांच्याबरोबर त्यांच्या पिसवाही गेल्या. उपायाचा हेतू वाईट नव्हता. पण तो ज्या समजुतीवर उभा होता ती समजूतच चुकीची होती, आणि तिला प्रश्न विचारण्याची कोणतीही वाट राज्यव्यवस्थेत नव्हती.

पुण्यात तर याहून भयंकर घडले. तेथे प्लेग समितीचे अध्यक्षपद वॉल्टर चार्ल्स रँड या सनदी अधिकाऱ्याकडे सोपविण्यात आले. समितीत एक लष्करी अधिकारी होता, एक लष्करी शल्यवैद्य होता. नव्हता तो पुण्याचा एकही वैद्य, एकही नगरवासी, ज्या घरांत शिरायचे त्या घरांची रीत जाणणारा एकही माणूस. १८९७ च्या उन्हाळ्यात गोऱ्या सोजिरांनी घराघरांत घुसून जी झडती घेतली, देवघरे आणि माजघरे जशी तुडविली, स्त्रियांची जी विटंबना केली, त्याच्या आठवणी पुण्याच्या कित्येक कुटुंबांत पिढ्यानुपिढ्या सांगितल्या गेल्या. लोकमान्य टिळकांचा विरोध रोगप्रतिबंधक उपायांना नव्हता, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. बडे लोक शहर सोडून जात असताना ते पुण्यातच राहिले, त्यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी रुग्णालय उभारण्यात पुढाकार घेतला. त्यांचा विरोध होता तो समाजाला विश्वासात न घेता समाजावर चालविलेल्या दंडेलीला. याच साथीत रुग्णांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांनी १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला. म्हणजे लोकमान्य असोत वा सावित्रीबाई, ज्यांना समाज ओळखत होता आणि जे समाजाला ओळखत होते, अशी माणसे पुण्यात होती. शासनाला ती दिसली नाहीत, कारण शासनाच्या सल्ल्याच्या व्यवस्थेत त्यांना जागाच नव्हती. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत चापेकरांच्या पिस्तुलातून जी गोळी सुटली, तिची दारू त्या प्लेग समितीनेच भरून ठेवली होती. पुढे मुंबईतही दंगे झाले, तेव्हा कोठे सक्ती सैल करण्याचे आणि निरनिराळ्या समाजांच्या पुढाऱ्यांना बरोबर घेण्याचे शहाणपण सरकारला सुचले. हेच शहाणपण आधी सुचले असते तर?

तज्ज्ञही चुकतात, म्हणूनच

यावर कोणी म्हणेल, रँड हा शास्त्रज्ञ नव्हता, खरे तज्ज्ञ असते तर असे झाले नसते. हा भ्रमही दूर केला पाहिजे, आणि त्यासाठी लांब जायला नको.

फ्रेंच वैद्य पॉल-लुई सिमाँ याने १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून दाखविले की, प्लेग उंदरांच्या पिसवांमार्फत पसरतो. त्याच वर्षी सरकारने भारतीय प्लेग आयोग नेमला. अध्यक्ष होते एडिंबरा विद्यापीठाचे प्राध्यापक टॉमस फ्रेझर. विद्वत्तेत कोठेही उणे नाही, अशी ती मंडळी होती. आयोगाने देशभर हिंडून शेकडो साक्षी नोंदविल्या, अहवालाचे जाडजूड खंड काढले आणि सिमाँचे म्हणणे जवळजवळ अदखलपात्र ठरविले. खरे काय ते कळण्यासाठी विल्यम ग्लेन लिस्टन यांचे मुंबईतील काम आणि १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत नव्याने सुरू झालेले संशोधन यांची वाट पाहावी लागली. मध्ये गेली सात वर्षे. या देशात त्या साथीने सगळे मिळून एक कोटीहून अधिक बळी घेतले. त्या सात वर्षांतील बळींपैकी किती वाचले असते, याचा हिशेब आता कोणी मांडू शकत नाही. पण उंदीर आणि पिसवा यांच्याविरुद्धचे युद्ध सात वर्षे उशिरा सुरू झाले, एवढे निश्चित.

दुसरी कथा वाल्देमार हाफकिन यांची. मूळचा रशियन साम्राज्यातील हा ज्यू शास्त्रज्ञ १८९६ च्या अखेरीस मुंबईत आला. काही महिन्यांत त्याने प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. पुढे १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल या गावी लस दिलेल्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. खापर फोडायला डोके हवे होते, ते हाफकिन यांचे सापडले. त्यांना कामावरून दूर करण्यात आले. बाटली गावात उघडताना ती दूषित झाली असावी, याकडे बोट दाखविणारा पुरावा होता, पण चौकशीची कागदपत्रे अनेक वर्षे लोकांसमोर आली नाहीत. ती आल्यावर रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या नामवंतांनी जाहीर पत्रांतून सरकारला जाब विचारला आणि १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. मुंबईच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. पण ज्या प्रयोगशाळेला आपण आज 'हाफकिन' म्हणतो, तिच्या प्रमुखपदी हाफकिन पुन्हा कधी बसू शकले नाहीत.

या इतिहासातून चार धडे सरळ हाती येतात. व्हिएगस सांगतात, पहिली चाहूल राजधानीला नव्हे, गल्लीतल्या वैद्याला लागते. त्याचा आवाज वर पोहोचण्याची वाट हवी. रँड सांगतो, ज्या सल्लागारांत समाज जाणणारा कोणी नाही, ते औषधालाही अत्याचाराचे रूप देतात. फ्रेझर आयोग सांगतो, विद्वानांचे बहुमतही चुकते. म्हणून भिन्न मताची नोंद झालीच पाहिजे. आणि हाफकिन सांगतात, कागद लपविले की बळी सत्याचा आणि सत्य सांगणाऱ्याचा जातो. हे चारही धडे याच भूमीत लिहिले गेले. प्रश्न एवढाच आहे की, सव्वाशे वर्षांनी आपण ते वाचले होते काय?

२०२०-२१ ची उजळणी

स्वतंत्र भारताजवळ १८९७ सारखी विपन्नावस्था नव्हती, हे अभिमानाने सांगितले पाहिजे. ३० जानेवारी २०२० रोजी देशातील पहिल्या कोरोना रुग्णाचे निदान झाले ते पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत. काही आठवड्यांत याच संस्थेने विषाणू प्रयोगशाळेत वेगळा काढला आणि पुढे देशी लसीच्या निर्मितीत सहभाग दिला. परदेशाच्या दारात हात पसरून उभे राहण्याची वेळ येऊ न देणारे शास्त्रज्ञ आपल्याकडे होते. जागतिक आरोग्य संघटना तोंडावर मुखपट्टी लावावी की नाही यावर जून २०२० पर्यंत घोळ घालीत होती, त्याच्या दोन महिने आधी आपल्या शासनाने घरगुती मुखपट्टीचा सल्ला दिलेला होता. उणीव बुद्धीची नव्हती. उणीव होती ती बुद्धीला राज्यव्यवस्थेत बांधून घेण्याच्या रीतीची.

त्या दोन वर्षांत समित्या किती झाल्या, ते आठवा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे राष्ट्रीय कार्यदल झाले. २९ मार्च २०२० रोजी एका दमात अकरा अधिकारप्राप्त गट झाले. ऑगस्टमध्ये लसीकरणासाठी राष्ट्रीय तज्ज्ञ गट झाला. २००१ पासूनचा राष्ट्रीय लसीकरण तांत्रिक सल्लागार गट होताच. रुग्णसंख्येचे गणित मांडणारी वेगळी समिती झाली. डिसेंबरमध्ये विषाणूची जनुकीय रूपे तपासणारा प्रयोगशाळांचा संघ झाला. महाराष्ट्राने एप्रिल २०२० मध्येच डॉ. संजय ओक यांच्या अध्यक्षतेखाली आपले कृतिदल नेमले. त्यांतील व्यक्तींच्या योग्यतेविषयी किंवा त्यांनी रात्रंदिवस घेतलेल्या कष्टांविषयी शंका घेणे कृतघ्नपणाचे होईल. प्रश्न व्यक्तींचा नाही. यांपैकी कोणी कोणाला सल्ला द्यायचा? दोन समित्यांचे मत भिन्न झाले तर निर्णय कोणाचा? सल्ला मानला नाही तर कारण कोणाला सांगायचे? याची उत्तरे कोणत्याही कायद्यात नव्हती.

परिणाम काय झाला? ऑक्टोबर २०२० मध्ये गणिती समितीने सांगितले की, साथीचे शिखर ओलांडले गेले आहे आणि नियम पाळले तर पुढच्या वर्षाच्या प्रारंभी ती आटोक्यात येईल. भाकीत चुकणे हा गुन्हा नव्हे. पण त्या भाकिताला ज्यांचा आक्षेप होता, त्यांचा आक्षेप त्याच कागदावर, त्याच ठळक अक्षरांत देशासमोर आला असता तर आपण इतके निर्धास्त झालो असतो काय? फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती आणि अकोल्याकडून रुग्णवाढीच्या वार्ता येऊ लागल्या. विदर्भातील डॉक्टर सांगत होते की, या वेळी घरेच्या घरे एकदम आजारी पडत आहेत. पुन्हा मांडवी, पुन्हा व्हिएगस! महाराष्ट्रातील नमुन्यांत दोन बदल असलेला नवा विषाणू सापडल्याचे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले ते २४ मार्चला. मार्चच्या प्रारंभीच आपण वर सावधगिरीचा इशारा दिला होता, असे त्या संघातील काही शास्त्रज्ञांनी नंतर वृत्तसंस्थांना सांगितले. तो इशारा कोणत्या शब्दांत होता, कोणाच्या मेजावर पडला, त्यावर काय शेरा लिहिला गेला, हे नागरिकाला त्याच वेळी कळण्याची सोय नव्हती. सप्टेंबर २०२० च्या पहिल्या लाटेत दिवसाला एक लाखाच्या आत राहिलेली रुग्णसंख्या मे २०२१ च्या पहिल्या आठवड्यात चार लाखांपलीकडे गेली. एप्रिलच्या अखेरीस शेकडो शास्त्रज्ञांनी पंतप्रधानांना जाहीर आवाहन केले. त्यांची मागणी कोणती होती? पैसा नव्हे, पद नव्हे. चाचण्यांची आणि रुग्णांची माहिती अभ्यासासाठी खुली करा, एवढीच! आपल्याच देशाच्या शास्त्रज्ञांना आपल्याच देशाच्या माहितीसाठी अर्ज करावा लागावा, हे कोणत्या स्वदेशी विज्ञानाचे लक्षण?

रक्तद्रवाची, म्हणजे प्लाझ्माची गोष्ट तर प्रत्येकाच्या घरची आहे. त्या एप्रिलमध्ये वृत्तपत्रात काम करणाऱ्या आम्हा मंडळींचे दूरध्वनी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत खणखणत असत. कोणाला वडिलांसाठी हवा, कोणाला पत्नीसाठी. बरे झालेले दाते शोधण्यासाठी माणसे एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात धावत होती, हजारो रुपये मोजत होती. प्रस्तुत लेखकानेही आपल्या परिचयातील दात्यांना त्या रात्री उठवून पाठविले आहे आणि ते रुग्ण वाचले नाहीत हेही पाहिले आहे. वस्तुस्थिती काय होती? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशातील ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात प्लाझ्माने मृत्यू टळत नाही आणि आजार बळावणेही थांबत नाही, असे आढळले होते. तो अभ्यास ऑक्टोबर २०२० मध्ये जगन्मान्य नियतकालिकात प्रसिद्धही झाला होता. जगाला मार्गदर्शक ठरावे असे ते आपले स्वतःचे काम होते. तरीही उपचारांच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून प्लाझ्मा वगळला गेला तो १७ मे २०२१ रोजी, म्हणजे सात महिन्यांनी, लाटेचे शिखर ओसरू लागल्यावर. प्लेगच्या वेळी सत्य कळायला सात वर्षे लागली. या वेळी सत्य कळलेले होते. ते प्रयोगशाळेतून रुग्णालयाच्या फळ्यापर्यंत पोहोचायला सात महिने लागले. त्या सात महिन्यांचा जाब कोणी, कोणाला आणि कोणत्या कलमाखाली विचारायचा?

कोविशील्डच्या दोन मात्रांतील अंतर मे २०२१ मध्ये बारा ते सोळा आठवडे करण्यात आले. सल्लागार गटाच्या काही सदस्यांनी पुढच्या महिन्यात एका वृत्तसंस्थेला सांगितले की, एवढ्या अंतराची शिफारस गटाने केलेली नव्हती. कार्यगटाच्या अध्यक्षांनी सांगितले की, निर्णय शास्त्रीय आधारावर आणि एकमताने झाला. कदाचित निर्णय योग्यच असेल. अंतर वाढविण्याला शास्त्रीय आधार होता असे मानणारे जाणकार पुष्कळ आहेत. पण वाद निर्माण झालाच का? बैठकीचे इतिवृत्त निर्णयाच्याच दिवशी प्रसिद्ध झाले असते, तर परदेशी वृत्तसंस्थेला आपल्या शास्त्रज्ञांत भांडण लावून देण्याची संधी मिळाली असती काय? गुप्तता शासनाचे रक्षण करते हा समजच चुकीचा आहे. ती योग्य निर्णयालाही संशयाच्या पिंजऱ्यात उभे करते.

आणि शेवटी प्राणवायूच्या वाटपासाठी ८ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाला स्वतः बारा जणांचे राष्ट्रीय कृतिदल नेमावे लागले. न्यायालयाने तज्ज्ञ नेमावेत, ही न्यायव्यवस्थेच्या तत्परतेची खूण आहेच. पण त्याहून अधिक ती राज्ययंत्रणेतील पोकळीची खूण आहे.

साहेबाच्या घरी काय झाले?

आमच्याकडील काही मंडळींना प्रत्येक गोष्टीत विलायतेचा आदर्श लागतो. त्यांनी तोही तपासून पाहावा. ब्रिटनमध्ये आपत्काळी शास्त्रीय सल्ला देणारा 'सेज' नावाचा गट आहे. सरकारचे मुख्य शास्त्रीय सल्लागार आणि मुख्य वैद्यकीय अधिकारी त्याचे नेतृत्व करतात. कोरोनाविषयीची त्याची पहिली बैठक २२ जानेवारी २०२० रोजी झाली. मंत्री रोज सांगत होते, आम्ही विज्ञानामागून चाललो आहोत. पण त्या विज्ञानाचे सदस्य कोण, हे मे महिन्यापर्यंत गुलदस्त्यातच होते. पंतप्रधानांचा राजकीय सल्लागारच त्या बैठकांना बसतो, हे एप्रिलमध्ये वृत्तपत्राने उघडकीला आणले. माजी मुख्य शास्त्रीय सल्लागार सर डेव्हिड किंग यांनी रागाने स्वतंत्र समांतर गट उभा केला. मग सरकारला जाग आली. मेमध्ये सदस्यांची यादी आणि त्यानंतर इतिवृत्ते प्रसिद्ध होऊ लागली. सप्टेंबर २०२० मध्ये याच गटाने थोड्या काळासाठी कडक निर्बंध सुचविले होते आणि सरकारने ते मानले नव्हते, हे ब्रिटिश जनतेला काही आठवड्यांत कळले ते केवळ त्या इतिवृत्तांमुळे.

तेथील चौकशी आयोगाने जुलै २०२४ च्या अहवालात सांगितले की, देशाने तयारी केली होती ती चुकीच्या साथीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची. आणि सल्लागारांची विचारपद्धती एकसुरी झाली होती. नोव्हेंबर २०२५ च्या अहवालात आयोगाने म्हटले की, टाळेबंदी एक आठवडा आधी लागू झाली असती, तर पहिल्या लाटेत एकट्या इंग्लंडमध्ये सुमारे २३ हजार मृत्यू टळू शकले असते. म्हणजे साहेबाची व्यवस्थाही आदर्श नव्हती. त्यांच्याकडून घ्यायचे ते त्यांचे मॉडेल नव्हे. घ्यायचा तो त्यांचा चुका उघड्यावर मांडण्याचा प्रघात. आपल्याला मात्र त्यांनी १८९७ चा कायदा दिला आणि आपण तो जपून ठेवला!

तीन आक्षेप

पहिला आक्षेप असा की, सल्ला उघड केला तर लोक घाबरतील. ही भाषा १८९६ च्या मुंबईतील अधिकाऱ्यांची आहे. लोक सत्याने घाबरत नाहीत, ते अफवेने घाबरतात; आणि सत्याची जागा रिकामी राहिली की, अफवा तेथे पाट मांडून बसते. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यात आणि पाठोपाठ सुरतेत प्लेगच्या वार्ता आल्या, तेव्हा काय झाले? लाखो लोक सुरत सोडून पळाले, परदेशांनी विमाने आणि माल अडविला. प्रा. व्ही. रामलिंगस्वामी यांच्यासारख्या थोर वैज्ञानिकाच्या अध्यक्षतेखाली सल्लागार समिती नेमली गेली ती भगदाड पडून गेल्यानंतर.

दुसरा आक्षेप राज्यशास्त्राचा. मंत्रणा गुप्त ठेवावी, असे कौटिल्यानेच सांगितले आहे ना? होय, सांगितले आहे. पण कोणापासून? शत्रूपासून! विषाणू हेर पाठवीत नाही. साथीच्या लढाईत नागरिक हाच सैनिक असतो, आणि सैनिकापासून व्यूह लपविणारा सेनापती युद्ध जिंकत नाही. त्याच कौटिल्याने राजाने तीन-चार मंत्र्यांशी विचार करावा, जे जवळ नसतील त्यांचे मत पत्राने मागवावे, असेही सांगितले आहे, आणि दैवी संकटांच्या गणनेत रोगराईला स्थान दिले आहे. एकट्याच्या लहरीने राज्य चालवू नये आणि दूरच्याचेही मत लेखी घ्यावे, ही आपल्याच राजनीतीची शिकवण आहे. ती आणण्यासाठी जिनिव्हाला जावे लागत नाही.

तिसरा आक्षेप नेमका उलट्या बाजूने येतो: मग राज्यच तज्ज्ञांच्या हाती का देऊ नये? कदापि नाही. शाळा बंद ठेवल्याने एका पिढीचे किती नुकसान होईल, हातावर पोट असणारा मजूर किती दिवस घरी बसू शकेल, हे सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. निर्णय जनतेने निवडून दिलेल्यानेच घ्यावा आणि त्याची जबाबदारीही त्यानेच घ्यावी. 'तज्ज्ञांच्या सल्ल्यानुसार' या दोन शब्दांच्या ढालीमागे लपण्याची सोय मात्र बंद झाली पाहिजे. सल्ला काय होता आणि निर्णय काय झाला, हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवले, म्हणजे शास्त्रज्ञ आणि राज्यकर्ता दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक राहतात.

काय हवे?

साथरोग कायदा कालबाह्य व अपुरा असल्याचे विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मधील आपल्या २८६ व्या अहवालात मांडले. त्याच वर्षी नीती आयोगाने नेमलेल्या तज्ज्ञ गटाने सार्वजनिक आरोग्य आणीबाणीसाठी स्वतंत्र कायद्याची शिफारस केली. दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत. पण नवा कायदा केवळ अधिकारांची नवी यादी होता कामा नये. त्यात सल्ल्याचे कलम असलेच पाहिजे, आणि त्या कलमात निदान पाच गोष्टी स्पष्ट हव्यात.

केंद्रात आणि प्रत्येक राज्यात कायमस्वरूपी वैज्ञानिक सल्लागार परिषद असावी; आग लागल्यावर विहीर खणण्याचा प्रकार बंद व्हावा. तिच्यात चिकित्सकांबरोबर साथरोगतज्ज्ञ, पशुवैद्यक, संख्याशास्त्रज्ञ, आयुर्वेदाचे जाणकार, समाजशास्त्रज्ञ आणि गडचिरोली-नंदुरबारसारख्या भागांत प्रत्यक्ष काम केलेले लोक असावेत. सगळे सदस्य राजधानीचे नसावेत. तिचा सल्ला लेखी असावा आणि भिन्न मतासह सात दिवसांत प्रसिद्ध व्हावा. शासनाने तो मानला नाही, तर त्याची कारणे लेखी द्यावीत आणि ती विधिमंडळापुढे ठेवावीत. आणि सद्हेतूने सल्ला देणाऱ्याला कायद्याचे संरक्षण मिळावे. १८९७ च्या कायद्याने अधिकाऱ्याला ते दिले, हाफकिनला दिले नाही.

यांतील एकाही गोष्टीला फार मोठा खर्च येत नाही. लागते ती आपल्या समाजावर विश्वास ठेवण्याची तयारी. कोरोनाच्या काळात शेजाऱ्याच्या घरी जेवणाचा डबा पोहोचविणारा, परक्याच्या चितेला अग्नी देणारा, प्लाझ्मासाठी मध्यरात्री उठून जाणारा समाज आपण पाहिला. तो सत्य ऐकण्याएवढा खंबीर नाही, असे कोण म्हणेल? परकीय सत्तेने या समाजावर अविश्वास दाखविला आणि त्याला चार कलमांनी बांधले. स्वकीयांच्या राज्याने त्याच्यावर विश्वास दाखवावा आणि पाचवे कलम स्वतःच्या हाताने लिहावे. पुढची साथ कोणत्या वर्षी येईल, हे कोणालाच ठाऊक नाही. ती येण्यापूर्वी ते लिहिले गेले पाहिजे, कारण साथ आल्यावर कायदे लिहिण्याची घाई काय करते, हे १८९७ ने आपल्याला एकदा दाखविले आहे.